साताऱ्यात विमानतळ नाही, मग एरोस्पेस कशाला?

प्रश्न : सर नमस्कार, मी कोरेगावची, यंदा अकरावी सायन्सला आहे. चांद्रयान ३ उतरलं तेव्हा नववीत होते, शाळेत टीव्हीवर बघितलं आणि तेव्हापासून एरोस्पेस इंजिनियर व्हायचंच डोक्यात बसलंय. पप्पा एसटीत कंडक्टर आहेत, ते म्हणतात कर. पण काका म्हणतात साताऱ्यात विमानतळ तरी आहे का, शिकून करणार काय? एका कॉलेजवाल्यांनी तर आत्ताच सीट बुक करा म्हणून फोन केला, त्यांच्याकडून म्हणे इस्रोत चान्स लागतो. काय करू? आणि नासाचं काही जमेल का?

उत्तर : आधी काकांचं बघू. त्यांना सांग कराडला धावपट्टी आहे. (हसू नको, खरंच आहे.) आणि तसंही एरोस्पेसवाला विमानतळावर बसत नाही, तो विमान, रॉकेट, सॅटेलाइट डिझाइन करतो, टेस्ट करतो. विमान तपासून उडायला सही देणारे वेगळे, ते एएमई, म्हणजे विमानाची देखभाल करणारे इंजिनियर, त्यांना डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याचं लायसन्स लागतं. तेही काम चांगलंच आहे, पण जाहिरातीत दोन्ही एकाच फोटोखाली खपवतात म्हणून सांगितलं.

सीट बुक-बिक काही करू नकोस. शिकून थेट इस्रोत जायची सोय म्हणजे तिरुवनंतपुरमचं आयआयएसटी, २००७ साली अंतराळ विभागानंच काढलेलं. तिथं जेईई अॅडव्हान्स्डवर अॅडमिशन होते, आपल्या सीईटीचा उपयोग नाही, आणि आयआयटीचा फॉर्म भरला म्हणजे यांचाही भरला असं होत नाही, तो वेगळा भरायचा असतो, इथंच पोरं फसतात. तिथून पास झाल्यावरसुद्धा ठरलेले मार्क असतील आणि जागा रिकाम्या असतील तरच इस्रो घेतं. आयआयटीत पवई, मद्रास, कानपूर, खरगपूरला एरोस्पेस आहे. यातलं काही मिळालं तर डोळे झाकून जा.

नाही मिळालं तर माझं मत ऐक, बऱ्याच पालकांना ते आवडत नाही. नुसती "एरोस्पेस" अशी पाटी बघून कुठंतरी लाखो रुपये भरण्यापेक्षा सांगलीचं वालचंद, कराडचं गव्हर्नमेंट, पुण्याचं सीओईपी, असल्या ठिकाणी मेकॅनिकल नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स घे. कारण इस्रोची सायंटिस्ट-इंजिनियरची मोठी भरती निघते ती इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांसाठीच, डिग्रीला ६५ टक्के लागतात, मग लेखी आणि इंटरव्ह्यू, बेसिक ५६,१०० पासून सुरू. तू टीव्हीवर चांद्रयान बघितलंस ना, तेव्हाचे इस्रोचे चेअरमन सोमनाथ, त्यांनी कोल्लमला मेकॅनिकल केलं आणि मग बेंगळुरूच्या आयआयएससीत एरोस्पेसचं मास्टर्स. अग्नी क्षेपणास्त्रवाल्या टेसी थॉमस यांनी केरळातल्या सरकारी कॉलेजात इंजिनियरिंग केलं, एमटेक मात्र आपल्या पुण्यात. म्हणजे एरोस्पेस नंतर गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) देऊनही गाठता येतं. आणि वालचंद म्हणजे ज्यांच्या नावाचं कॉलेज ते वालचंद हिराचंद, यांनीच १९४० साली बेंगळुरूत विमानाचा कारखाना काढला, त्याचंच पुढं एचएएल, म्हणजे विमानं बनवणारी सरकारी कंपनी झाली, हे काकांना चहा पिताना सांग.

नासाचं एका वाक्यात : तिथं नोकरीला शक्यतो अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, त्यामुळं त्यावर प्लॅन उभा करू नकोस.

आता कामाचं खरं सांगतो. मी सांगलीतून मेकॅनिकल करून बेंगळुरूला गेलो, वाटलं होतं अख्खं विमान हातात देतील. पहिले चौदा महिने एकच ब्रॅकेट, म्हणजे पार्ट धरून ठेवणारा छोटा आधार दिला, तळहाताएवढं, त्याचं वजन थोडं कमी करायचं पण हजारो वेळा ताण बसून चीर जाऊ द्यायची नाही, बस. रोज तीच गणितं, तेच मीटिंगमधले वाद, आई फोनवर विचारायची "विमान झालं का रे?" आणि मी म्हणायचो ब्रॅकेट चाललंय. ज्याला यात मजा येत नाही तो दोन वर्षांत आयटीत जातो, गेलेत माझ्यासोबतचे.

तुला मजा येते का हे बघायला फी लागत नाही. एखाद्या रविवारी पप्पांसोबत ठोसेघरच्या वर चाळकेवाडीला जा, तिथल्या पवनचक्कीचं पातं नीट बघ. विमानाच्या पंखाचाच तो भाऊ. बुडाशी पातं जास्त पिळलेलं असतं आणि टोकाकडं सपाट होत जातं, तसं का केलंय ते घरी येऊन व्हेक्टर काढून शोध, एक हिंट देतो, टोकाचा वेग बुडापेक्षा कितीतरी जास्त असतो. उत्तर सापडेपर्यंत जेवायचं सुचलं नाही तर मला परत पत्र पाठव, पुढची पुस्तकं सांगतो.

प्रश्न : मुलगा मिरजेत मेकॅनिकल डिप्लोमाला आहे, दहावीला कमी मार्क पडले होते. त्याला या लाईनमधे काही आहे का?

उत्तर : आहे की. चांद्रयान ३ चे प्रोजेक्ट डायरेक्टर वीरमुथुवेल यांनी सुरुवात मेकॅनिकल डिप्लोमानंच केली होती, डिग्री आणि पीएचडी नंतर. तुमच्या मुलाला डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयर मिळू शकतं, आणि डिग्री नाही केली तरी इस्रोत टेक्निकल असिस्टंटच्या जागा डिप्लोमावाल्यांसाठी निघतात, फक्त त्याला फर्स्ट क्लास लागतो. तेवढा हातचा जाऊ देऊ नका.