अर्क काढण्यापूर्वी
आपण नागपुरात समुद्री शैवाल आणि वनौषधींतील औषधी घटकांवर काम सुरू करीत आहात, याचा मला मनापासून आनंद आहे. माझा पहिला आग्रह असा, की वनस्पतीची ओळख तज्ज्ञाकडून पटवून घ्यावी. बाजारातून आणलेल्या वाळक्या कांड्या गुळवेलीच्याच आहेत की तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या, हे नुसत्या नजरेने कळत नाही. तापमानही जपावे. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना १९७१ मध्ये यश आले ते वनस्पती उकळणे सोडून कमी तापमानाला ईथर या द्रावकाने अर्क काढल्यामुळे, आणि त्यातूनच हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हाती आले. तपकिरी शैवालातील फ्युकोइडान मात्र पाण्यात विरघळणारी सल्फेटयुक्त बहुशर्करा असल्याने तिथे ईथर निरुपयोगी ठरतो. हळदीतील कर्क्युमिन प्रकाश पडताच स्वतःच चमकून काही चाचण्यांत फसवे निष्कर्ष देते, म्हणून एकाच चाचणीवर विसंबू नये.