रिटायरमेंटनंतर तलावाकाठची पहिली हिवाळी चाल

भाऊ, रिटायर झाल्या झाल्या पाच वाजता अंधारात निघू नका बाप्पा. नागपूरची थंडी हलकी नसते, डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ वर गेला होता, आणि थंडीत रक्तवाहिन्या आकसतात त्यामुळे बीपी वाढतो, तुम्हाला तर गोळी चालू आहे. ऊन अंगावर आलं की निघा. आधी डॉक्टरांना विचारून घ्या, हे टाळू नका.

सुरुवात अंबाझरी तलावापासून करा, रस्ता सपाट अन् माणसांची वर्दळ. पंधरा दिवस तिथे चालले की मग गोरेवाड्याच्या तलावाकडे या, पण एकटे नको, ते खरं जंगल आहे, बिबटे आहेत तिथे.

कपडे एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ दोन-तीन थर बरे, चालून अंग तापलं की एकेक काढता येतो, घाम अंगावर वाळला की अंग गार पडतं. कान मात्र झाका. बूट नवीन घेतले तर आधी घरात घालून फिरा, मी तसं केलं नव्हतं आणि टाचेच्या फोडामुळे आठवडाभर घरीच बसलो. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, दम लागून बोलणं तुटलं तर वेग कमी करा, छातीत दाटलं किंवा हात दुखला तर लगेच थांबून सोबतच्याला सांगा. थंडीत तहान लागत नाही तरी पाणी प्या. खिशात दोन संत्री ठेवा.

आणि काठावर दहा मिनिटं नुसते बसा, हिवाळ्यात बाहेरून आलेली बदकं पाण्यावर उतरताना पाहायला मिळतात, मी तर त्यासाठीच जातो.