साडेसातचे गणित

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला असून पाचवे सत्र नुकतेच सुरू झाले आहे. चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ (संशोधनासह ऑनर्स पदवी) घ्यायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांचा सीजीपीए (सर्व सत्रांची मिळून श्रेणीगुणांची सरासरी) किमान 7.5 लागेल, असे आम्हांला वर्गात सांगण्यात आले. माझे चार सत्रांचे एसजीपीए (एकेका सत्राची सरासरी) 7.18, 7.36, 7.05 आणि 7.64 आहेत, म्हणजे सरासरी 7.31. उरलेल्या दोन सत्रांत 7.69 मिळवले की 7.5 होतील, असा माझा हिशेब आहे. तो बरोबर आहे का? प्रत्येक सत्र 22 श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) आहे. आमच्याकडे 60 ते 69 गुणांना 7, 70 ते 79 गुणांना 8, 80 ते 89 गुणांना 9 आणि त्यापुढे 10 श्रेणीगुण देतात.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : हिशेब चुकला आहे, आणि चूक अगदी नेहमीची आहे. 7.31 आणि 7.69 यांची सरासरी 7.5 येते हे खरे, परंतु 7.31 ही चार सत्रांची कमाई आहे आणि 7.69 दोनच सत्रांची असणार आहे, त्यामुळे दोहोंना सारखे वजन देता येत नाही. तुमच्या पद्धतीने गेलात, तर सहाव्या सत्राअखेर हाती 7.43 पडतील.

सरासरीची सरासरी काढण्यापेक्षा एकूण श्रेणीगुण मोजावेत. प्रत्येक विषयाचे श्रेयांक गुणिले त्यातील श्रेणीगुण, या सर्वांची बेरीज केल्यास तुमच्या चार सत्रांत अनुक्रमे 158, 162, 155 आणि 168, म्हणजे एकूण 643 गुण जमा झालेले दिसतात. सहा सत्रांचे श्रेयांक 132 होतात आणि 132 ला 7.5 ने गुणल्यास 990 येतात. उरले 347, आणि तेही 44 श्रेयांकांत मिळवायचे, म्हणून दोन्ही सत्रांची सरासरी सुमारे 7.89 हवी. पाचव्या सत्रात पुन्हा 7.64 वरच थांबलात, तर सहाव्यात 8.14 लागतील.

आकडा ऐकून घाबरू नका. तुमच्याच तक्त्यानुसार दोन्ही सत्रांत प्रत्येक विषयाला फक्त 70 गुण मिळाले, तरी 352 श्रेणीगुण होतात, म्हणजे गरजेपेक्षा पाच जास्त. त्यामुळे चार श्रेयांकांचा एखादा पेपर साठीच्या घरात घसरला तरी निभावते. असे दोन पेपर घसरले, तर मात्र 987 वर अडकाल आणि सीजीपीए 7.48 येईल. तो 7.5 धरला जाईल या आशेवर राहू नका, कारण सीजीपीए दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवतात. अशा वेळी चार श्रेयांकांच्या दुसऱ्या एखाद्या पेपरात 80 गाठलेत, तर तूट भरून निघते.

या पद्धतीत 70 आणि 79 यांची किंमत सारखीच आहे, पण 79 चे 80 झाले की चार श्रेयांकांच्या विषयात एका गुणापायी चार श्रेणीगुण वाढतात. दोन श्रेयांकांच्या विषयात तोच एक गुण दोनच श्रेणीगुण देतो. म्हणून अंतर्गत परीक्षेचे गुण लागले की वही काढून बसा आणि कोणता मोठा पेपर 70 किंवा 80 च्या उंबरठ्यावर आहे ते पाहा. अभ्यासाचे जादा तास तिथे द्यावेत. सत्तरी पार करून पंचाहत्तरीत सुरक्षित बसलेल्या आवडत्या विषयावर रात्री जागवणे आनंदाचे खरे, पण या हिशेबात त्याला काही मोल नाही.

आता एक गोष्ट परीक्षा विभागातून लेखी विचारून घ्याच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चार वर्षांच्या पदवीसाठीच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यात संशोधनाच्या शाखेसाठी पहिल्या सहा सत्रांत ‘75 टक्के गुण’ अशी अट आहे. तुमच्या तक्त्यात 70 गुणांनाच 8 मिळतात, त्यामुळे 7.5 सीजीपीए असणाऱ्याचे प्रत्यक्ष गुण 75 टक्क्यांहून बरेच कमी असू शकतात. तुमचे विद्यापीठ सीजीपीए पाहते की गुणांची टक्केवारी, यावर वरचा सगळा हिशेब अवलंबून आहे. टक्केवारी पाहत असतील, तर वरची सत्तरीची सोय विसरा. तिथे प्रत्येक गुण मोजला जाईल.

साडेसात हुकले तरी चौथे वर्ष हुकत नाही. साधी ‘ऑनर्स’ पदवी तशीही घेता येते. तिथे संशोधन प्रकल्पाच्या 12 श्रेयांकांऐवजी तितक्याच श्रेयांकांचे विषय करावे लागतात. मात्र चार वर्षांच्या पदवीवर थेट पीएच.डी.ला जायचा विचार असेल, तर आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार संपूर्ण पदवीला 75 टक्के गुण किंवा त्याच्या समकक्ष श्रेणी हवी; अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. म्हणजे सहाव्या सत्राला 7.5 काठावर गाठलेत, तरी सातव्या-आठव्या सत्रात हीच वही पुन्हा उघडावी लागेल.