हॅचरीचा मासा नकली असतो का?

प्रश्न: रानटी सामन आणि हॅचरीतला (माशांची अंडी उबवून पिल्लं तयार करतात त्या केंद्रातला) सामन यांत फरक काय? हॅचरीतला टाळावा का?

सोलापुरात माझी आई तीस वर्षं मासे विकतेय, म्हणून लिहितोय. सामन हा थंड देशांतला मासा, आमच्या पाटीत कधी आला नाही. उजनी धरणाचा कटला रोज येतो.

मी बारावीत होतो. रविवारची गर्दी. नेहमीचे एक मास्तर चार किलोचा कटला तोलून झाल्यावर मोठ्यांदा म्हणाले, "मावशी, हा हॅचरीचा, इंजेक्शनचा मासा. नदीचा म्हणून खपवता होय?" आई नदीचा म्हणालीच नव्हती. उजनीचा म्हणाली होती, आणि होताही उजनीचाच. पहाटे टेंभुर्णीकडून आलेल्या टेम्पोतून तिनं कल्ले उचलून बघून घेतला होता, लालभडक. मास्तर गेले, मागची चार गिऱ्हाइकंही गेली. आई दिवसभर बोलली नाही.

इंजेक्शन तुम्ही खाता त्या माशाला देत नाहीत, त्याच्या आईबापाला देतात. कटला साचल्या पाण्यात अंडी घालत नाही, त्याला पावसाळ्यातली वाहती नदी लागते. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरींनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कटल्याच्या कुळातल्या माशांना अंडी घालायला लावलं. तेव्हापासून हॅचरीत जिरे, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, तयार होतात, त्यांची बोटाएवढी बोटुकली झाली की धरणात सोडतात. पुढे तो मासा धरणाचंच खाऊन वाढतो. मग तो खोटा कसा?

सामनचंही असंच. हॅचरीतली पिल्लं नदीत सोडतात, ती समुद्रात वाढून परत येतात. समुद्र एकच, खाणं एकच, त्यामुळे चवीत फरक शोधू नका. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अशा पुष्कळ पिल्लांचा शेपटीआधीचा छोटा मांसल पर कापून सोडतात, त्यावरून ओळख पटते. जाळीच्या पिंजऱ्यात शेवटपर्यंत खाद्यावर पोसलेला सामन निराळा. त्याला चरबी जास्त, आणि मांसाचा रंग खाद्यातल्या रंगद्रव्यामुळे येतो. लोक या दोघांत गल्लत करतात.

हां, एक मान्य. हॅचरीत वाढलेले सामन नदीत सहसा रानटी सामनइतकी पिल्लं जगवू शकत नाहीत, आणि त्यांच्याशी संकर झाला की मूळचा वाणही कमकुवत होऊ शकतो. रानटी सामन जपायलाच हवा. पण तो प्रश्न नदीचा, ताटातल्या तुकड्याचा नाही.

मासा कुठं वाढला आणि कधी धरला, एवढं विचारा. कल्ले बघा. नकोच असेल तर पुढे जा, पण रांगेसमोर विकणारीला खोटं पाडू नका.