सकाळी कप पडला, दुपारी कळलं उशीर झाला

प्रश्न: आमचं गाव गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढं. गेल्या महिन्यात सासूबाई सकाळी 7 वाजता चहा घेत होत्या, कप हातातून पडला, बोलणं बोबडं झालं. आम्हाला वाटलं पित्त असेल, थोडं पडू दे. शेजारणीने तेल चोळलं. 11 ला गाडी मिळाली, जवळच्या दवाखान्यात बीपी बघून पुढं पाठवलं, मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत 1 वाजला. इंजेक्शनची वेळ गेली म्हणाले. नणंदेच्या सासऱ्यांना पणजीत हेच झालं, ते आता बाजारात चालत जातात. आमचं काय चुकलं?
— सत्तरीतली एक सून

उत्तर: ताई, चूक तुमच्या एकटीची नाही. सासूबाईंना झाला तो लकवा, म्हणजे मेंदूचा झटका. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे 19 लाख पेशी मरतात, आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे बघूनच. आता पणजीहून बांबोळीला मेडिकल कॉलेजात पोचायला किती वेळ लागतो आणि तुमच्या गावाहून किती? आजार एकच, घड्याळही तेच, पण तुमचे निम्मे तास रस्त्यातच जातात. याला मी नशीब म्हणणार नाही, ही सोयींची असमान वाटणी आहे. सीटी नसलेल्या दवाखान्यात बीपी बघत बसण्यात वेळ घालवू नये, 108 ला फोन करतानाच ‘लकवा वाटतोय’ आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ सांगायची, म्हणजे ते सरळ योग्य जागी नेतील.

आणखी एक, राग नको. सासूबाईंच्या जागी सासरे असते तर इतका वेळ पडू दिलं असतं का? बायकांचं दुखणं पित्त, थकवा, जागरण यात बसवायची आपल्या घराघरांत सवय आहे, त्या स्वतःसुद्धा तेच म्हणतात, आणि उशीर होतो तो तिथंच. तोंड वाकडं, एक हात वर होत नाही, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी दिसलं तरी पाणी, गोळी, तेल काही नको, तडक निघायचं. साडेचार तास उलटले तरी जायचंच, रक्तवाहिनीतून तार घालून मोठी गुठळी काढायचा उपचार काही निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत करता येतो.

खर्चासाठी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे का बघा, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला 4 लाखांचं कवच आहे. पण गोव्यात 5 वर्षं राहिल्याची अट आहे, आणि बांधकामावर आलेले कितीतरी मजूर त्यात बसत नाहीत, त्यांच्यासाठी काही तरी व्हायलाच हवं.

सासूबाईंचं फिजिओथेरपीचं काम आत्ताच सुरू करा, पहिल्या 3 महिन्यांत सुधारणा सगळ्यात जास्त होते. रोज गाडीने नेणं जमणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून एकदा जाऊन व्यायाम नीट शिकून घ्या आणि घरी करा. उठवताना मात्र लुळ्या हाताला धरून कधी ओढू नका, खांदा निखळतो.