वाचक विचारतात : गोधड्या परत आल्या, आता काय शिवू?

प्रश्न : ताई, आम्ही पाच-सहा मैत्रिणी दर गुरुवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये बसून जुन्या साड्यांच्या बाळगोधड्या नि झबली शिवतो. दोघींकडे मशीन आहे, बाकीच्या हाताने. मोठा गठ्ठा घेऊन एका हॉस्पिटलच्या नवजात बाळांच्या वॉर्डात गेलो तर सिस्टरनी गोधड्या घेतल्याच नाहीत आणि झबलीसुद्धा निम्मी परत दिली. फार हिरमोड झाला, एक जण तर म्हणतेय बंदच करूया. आमचं चुकलं कुठे? आणि अजून एक, आमच्यातल्या एकीची शिलाई अगदीच वाकडी येते, तिला कसं सांगायचं?
- एक वाचक, कल्याण

उत्तर : अहो बंद कशाला करताय! सिस्टरनी परत दिलं ते एका अर्थी बरंच केलं, नाहीतर बऱ्याच ठिकाणी हसून घेतात, फोटो काढतात आणि गठ्ठा कपाटावर जातो तो तिथेच राहतो.

गोधडीचं आधी सांगते. साडीचे पाच-सहा थर घातलेली गोधडी उबदार असते खरी, पण वॉर्डात ती रोज धुवावी लागते, आणि पावसाळ्यात तेवढे थर आतून वाळतच नाहीत, कुबट वास मारतो. कमी दिवसांच्या बाळाजवळ असलं काही ठेवायची रिस्क कुठलीच सिस्टर घेणार नाही. त्यांना लागतं ते एकेरी किंवा दुहेरी सुती दुपटं, गरम पाण्यात धुऊन दोन-चार तासांत वाळणारं.

आता झबली. तुमची परत आलेली झबली डोक्यातून घालायची होती का, किंवा त्यांना बटणं, लेस वगैरे होती का ते बघा बरं, कारण बहुतेक वेळा घोडं तिथेच अडतं. वॉर्डातल्या बाळाच्या हाताला सलाईन, पायाला वायर, त्याला डोक्यातून झबलं कोण घालणार? पुढून पूर्ण उघडणारं, एकावर एक येऊन बाजूला नाडीने बांधायचं झबलं शिवा. कापड मलमल किंवा मऊ कॅम्ब्रिक, कापायच्या आधी धुऊन घ्या म्हणजे जे आटायचं ते आधीच आटेल. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा. उलटं दिसलं तर दिसू दे, बाळाच्या अंगाला टोचणार नाही. आणि हातमोजे-पायमोजे शिवत असाल तर एक गोष्ट अगदी डोळ्यात तेल घालून बघा. आतला सुटलेला एखादा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, बाळ हात हलवतं तसा तो आवळत जातो, आणि वरून मोजा असल्यामुळे कुणाच्या लक्षातच येत नाही, बोट सुजून लालनिळं होईपर्यंत. त्यामुळे प्रत्येक मोजा उलटा करून दोरे कापायचे आणि मगच गठ्ठ्यात टाकायचा.

टोप्या मात्र भरपूर शिवा. लहान बाळाच्या अंगातली ऊब डोक्यावाटे खूप जाते. आईच्या छातीशी उघडं बाळ धरायचं ते कांगारू केअर आता बऱ्याच हॉस्पिटलमध्ये असतं, त्यात बाळाच्या अंगावर टोपी, लंगोट, मोजे एवढंच काय ते, फारतर पुढून उघडं झबलं. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण 34-35 सेंटिमीटर भरतं, लवकर जन्मलेल्याचं त्याहून बरंच कमी, म्हणजे एकाच मापाच्या ढीगभर टोप्या उपयोगाच्या नाहीत, दोन-तीन मापं करा. खरं तर आधी प्रत्येकी एकच नमुना शिवून वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरना दाखवा, त्या हातात धरून लगेच सांगतील इथे सैल करा, नाडी लांब ठेवा. मग ढिगाने कापा.

आणि शिवलेल्या गोधड्या वाया नाही गेल्या हो. थंडीच्या तोंडावर बीड-अहिल्यानगरकडची ऊसतोड कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात कोप्यांवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपड्यांत, येतात, तुमच्या जवळ म्हणाल तर ठाणे-पालघरकडच्या वीटभट्ट्या आहेत, तिथली बरीच लहान मुलं उघड्यावर झोपतात. त्यांच्यात काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर दिवाळीच्या आधीच पोचवा, जानेवारीत नेऊन काय उपयोग? फक्त तिथल्यासाठी मोठ्या शिवा, दोन पोरं एकीत मावतील अशा.

त्यातच तुमच्या वाकड्या शिलाईवाल्या मैत्रिणीचंही उत्तर आहे. तिला काही सांगूच नका! गोधडी जमिनीवर अंथरून चौघी चार बाजूंना बसल्या आणि कडेकडून आत धावदोरा घालत आल्या की कुणाचा टाका वाकडा नि कुणाचा सरळ हे शोधूनही सापडत नाही. झबली आणि टोप्या मशीनवाल्यांकडे, नाड्या उलटवणं (उलट्या बाजूने शिवलेली नळी सुलटी करणं), दोरे कापणं, मापाप्रमाणे गठ्ठे बांधणं बाकीच्यांकडे. नाडी उलटवणं हे काय किचकट काम आहे ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, सेफ्टी पिन लावून ओढत बसा, निम्म्यात पिन सुटली की पुन्हा पहिल्यापासून.

प्रश्न : आम्ही दर महिन्याला वर्गणी काढून कापड घेतो आणि शिवलेले कपडे एका ट्रस्टला देतो. त्याची 80 जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळवायची, पावती मागता येईल का?
- एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. कपडे, धान्य, औषधं अशा वस्तूंच्या देणगीवर ती सूट मिळत नाही. पैसे दिलेत आणि आयकर जुन्या पद्धतीने भरत असाल तर मिळते, पण ट्रस्टला 80 जी ची मान्यता हवी आणि रोख 2000 रुपयांच्या वर असेल तर तेही चालत नाही, चेक किंवा ऑनलाइनच द्यावं लागतं. वर्गणीचा हिशोब मात्र साध्या वहीत लिहा आणि वही दर महिन्याला वेगळीकडे द्या. कापड कुठून आणलं आणि मीटरला काय पडलं यावरून चांगल्या चांगल्या मैत्रिणींची तोंडं वाकडी झालेली मी पाहिली आहेत.