पोटरी उडते म्हणजे एमएनडी झाला का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम नमस्कार, वय ३३, पुण्यात आयटीत आहे, एक मुलगी आहे ६ वर्षांची. अडीच महिने झाले डाव्या पोटरीत आतल्या आत काहीतरी वळवळतं, किडा फिरतोय असं वाटतं, आडवं पडलं की जास्तच. मग मांडीत झालं, दंडात झालं, एकदा तर ओठ उडत होता. त्याच सुमारास ऑफिसातल्या मित्राचे काका एमएनडीने (मोटर न्यूरॉन डिसीज, नसांचा जीवघेणा आजार) गेले, तो म्हणाला त्यांचंही आधी मांस उडायचं, आणि त्या रात्री मी गूगल करत बसलो ते पहाटे चारपर्यंत. आता रोज सकाळी एका पायाच्या चवड्यावर वीस-वीसदा उभा राहून बघतो, टेपने पोटऱ्या मोजतो (डावी १ सेमी कमी भरते!!), आरशात जीभ बाहेर काढून बघतो तर ती थरथरते. न्यूरोलॉजिस्टना दाखवलं, हातोडीने वगैरे तपासलं, काही नाही म्हणाले, ईएमजीपण (सुई टोचून स्नायूंची विद्युत तपासणी) नॉर्मल. पण तो खूप लवकर केला असेल तर? बायको म्हणते पोटरी बघतोस त्यापेक्षा पोरीचा अभ्यास बघ. आणि आता हातही कमजोर वाटतोय, हे टाईप करतानासुद्धा. नाव छापू नका.

उत्तर : नाही छापलं. पत्र मात्र थोडं कापावं लागलं कारण तुम्ही त्या कमजोर हाताने चांगलं चार पानं टाईप केलंय!

चिडवत नाहीये, मुद्दाच तो आहे. हात कमजोर वाटणं वेगळं आणि हाताने काम न होणं वेगळं. एमएनडीमध्ये स्नायूला हुकूम देणाऱ्या नसांच्या पेशीच मरत जातात, त्यामुळे जे काल जमत होतं ते आज जमत नाही. शर्टाचं बटण लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, जिना चढताना एकाच पायातली चप्पल सारखी निसटते, पाऊल पुढून उचललं जात नाही म्हणून माणूस सपाट रस्त्यावर अडखळतो. पेशंट बहुतेक वेळा ही तक्रार घेऊन येतो आणि स्नायू उडताहेत हे कित्येकदा डॉक्टरच त्याला दाखवतात, त्याचं त्याला माहीतही नसतं. मित्राच्या काकांचं मांस उडायचं हे घरच्यांच्या लक्षात राहिलं, पण त्यांची चप्पल कधीपासून निसटत होती हे कोणी विचारलंय का? क्वचित कुणाला आधी फडफड सुरू होते हेही खरं, लपवत नाही, पण अशा माणसाच्या तपासणीत आणि ईएमजीत सहसा काही ना काही सापडतं. तुमच्यात सापडलं नाही.

मग उडतंय काय? स्नायूतल्या तंतूंच्या एकेका जुडग्याला एकेक नस सांभाळते, ती मधूनच आपणहून ठिणगी टाकते आणि तेवढं जुडगं टुणकन उडतं. झोप कमी, चहा-कॉफी जास्त, ताप येऊन गेलेला, दम्याचा पंप, जिममध्ये पाय ताणलेले, थायरॉइड, अशी बरीच निमित्तं असतात आणि भीती हे त्यातलं मोठं निमित्त. माझ्या रेसिडेन्सीत सलग नाइट्स झाल्या की अंगठ्याच्या मुळाशी असं उडायचं आणि मी, चांगली एमबीबीएस झालेली बाई, दोन आठवडे स्वतःला एमएनडी झालाय असं धरून चालले होते, आईला सांगायचं कसं इथपर्यंत ठरवलं होतं. डॉक्टर लोकांत ही भीती इतकी दिसते की २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यूरोलॉजिस्टनी त्यावर पेपरच लिहिला. आणि अमेरिकेत मेयो क्लिनिकने नुसतेच स्नायू उडणाऱ्या, बाकी तपासणी नॉर्मल असलेल्या १२१ जणांचा २ ते ३२ वर्षं माग ठेवला, १९९३ साली छापलं, त्यातल्या एकालाही एमएनडी झाला नाही.

आजार दुर्मिळ आहे, वर्षाला लाखात साधारण दोन जणांना होतो, तेही बहुतेक पन्नाशी-साठीत. स्टीफन हॉकिंगना २१व्या वर्षी झाला म्हणाल. झाला, आणि ते अपवाद होते म्हणूनच सगळ्यांच्या लक्षात आहेत.

आता तुमच्या परीक्षा. जीभ बाहेर काढून धरली की कुणाचीही थरथरते, बायकोची बघा. आम्ही जीभ तोंडात सैल पडलेली असताना बघतो. पोटऱ्या कुणाच्याच अगदी सारख्या नसतात आणि टेप बोटभर वर-खाली धरला तरी सेंटिमीटरचा फरक पडतो. चवड्यावर वीस-वीसदा उभं राहणं तर कमालच, दमलेली पोटरीच जास्त उडते. म्हणजे सकाळी तुम्हीच तिला दमवता आणि रात्री ती उडाली की घाबरता.

दुसरा ईएमजी करू का असं पुढे विचारलंत. पहिल्याने किती दिवस बरं वाटलं होतं? पत्रात लिहिलंय, चार दिवस. दुसऱ्याने तीन वाटेल. म्हणून आत्ता उपचार पोटरीला नाही, या तपासत राहण्याला हवाय. याला आरोग्यचिंता म्हणतात आणि हा खरा आजार आहे, नाटक नाही. टेप कपाटात जाऊ दे. तपासावंसं वाटलं की वीस मिनिटं थांबा, मग चाळीस, ती ओढ आपोआप उतरते हे अनुभवाने कळतं, मी सांगून कळत नाही. बायकोला "पोटरी बारीक झाली का गं?" विचारणं बंद, तिने "नाही" म्हटलं की दहा मिनिटं बरं वाटतं आणि अकराव्या मिनिटाला परत. जमत नसेल तर सीबीटी (बोलून, विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा उपचार) करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, गोळ्याही लागतात कधीकधी, लागल्या तर घ्या. सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६, फुकट आहे, रात्रीही चालू असते, पहाटे चारला गूगलपेक्षा तिथे बोला.

बटण लागेनासं झालं, बोलणं जड झालं, पाणी पिताना ठसका लागायला लागला, हाताचं मांस दिसण्याइतकं झडलं तर न्यूरोलॉजिस्टकडे परत जायचंच. ते शोधत बसावं लागत नाही, रोजच्या कामात आपणच अडतो.

प्रश्न : माझा डावा डोळा तीन आठवडे लवतोय. सासूबाई म्हणतात बायकांचा डावा लवला की शुभ. काळजीचं आहे का? — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नुसती पापणी फडफडत असेल तर नाही. झोप वाढवा, चहा कमी करा, मोबाईल जरा लांब ठेवा, काही आठवड्यांत थांबतं. डोळा आपोआप गच्च मिटायला लागला किंवा त्या बाजूचा गाल-ओठही ओढला जायला लागला तर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. तीन आठवड्यांत शुभ काय झालं ते कळवा.